आरटीईच्या जागा आठपट वाढल्या, तरी पालकांनी पाठ का फिरवली?

विनाअनुदानित खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांमधून सूट. ९ फेब्रुवारी २०२४च्या अधिसूचनेने राज्यात हा बदल आला. शहरात एक किलोमीटरमध्ये पालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही, असा भाग शोधूनच काढावा लागतो. त्यामुळे बहुतेक इंग्रजी शाळा यादीतून बाहेर गेल्या.

आकडे काय सांगतात?

२०२३-२४मध्ये सुमारे ८,८०० शाळांतील १ लाखाच्या आसपास जागांसाठी ३ लाख ६० हजारांहून अधिक अर्ज आले होते. नव्या नियमानंतर यादीत ७६ हजार शाळा आणि तब्बल ८ लाख ८६ हजार जागा दिसू लागल्या. अर्ज मात्र १ लाखही आले नाहीत. कारण उघड आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश तसाही मोफतच मिळतो, त्यासाठी लॉटरी कोण लावेल?

सरकारचं म्हणणं चुकीचं होतं का?

पूर्णपणे नाही. खासगी शाळेतील प्रत्येक आरटीई विद्यार्थ्यामागे सरकार शाळेला वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत देतं. स्वतःच्या शाळेत बाकं रिकामी असताना हा खर्च कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ही रक्कम वर्षानुवर्षं थकते, ही संस्थाचालकांची तक्रारही जुनीच. पण थकबाकीवर उपाय म्हणून मुलांचा हक्कच काढून घेणं हे अजब गणित होतं.

शिवाय कायद्यातल्या कलम १२(१)(क)चा हेतू फक्त जागा मिळवून देण्याचा नाही. घरकाम करणाऱ्या बाईचं मूल आणि ती जिथे काम करते त्या घरातलं मूल एकाच वर्गात बसावं, हाही आहे.

कोर्टात काय झालं?

मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी स्थगिती दिली आणि १९ जुलैला बदल रद्दच केला. मूळ कायद्यात नसलेली सूट राज्याला नियमातून देता येत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. जुन्या नियमांनी प्रक्रिया पुन्हा सुरू होताच अर्ज २ लाख ४० हजारांवर गेले. तोवर शाळा मात्र सुरू झाल्या होत्या. लॉटरी लागलेली मुलं पहिलीच्या वर्गात पोहोचली, तेव्हा बाकीच्यांची मुळाक्षरं गिरवून झाली होती.

आता पालकांसमोर काय?

कोर्टाने दार उघडलं, पण हा हक्क आठवीपर्यंतच आहे. नववीत त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण फी भरावी लागते. आठ वर्षं इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला तेव्हा कुठे न्यायचं, याचं उत्तर कायद्यात नाही. बस आणि सहलीचा खर्च तर पहिल्या वर्षापासूनच सुरू होतो.