शहर एकदा वरून बघावं

शिकागोला मुलांकडे येणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांना पहिल्या पंधरवड्यात जी तीन-चार ठिकाणं दाखवली जातात, त्यांत विलिस टॉवर हमखास असतो. (जुनी मंडळी अजून सिअर्स टॉवरच म्हणतात. नाव २००९ साली बदललं.) लेकीने मलाही नेलं. तिथून आलेल्या प्रत्येकाकडे एक फोटो असतोच. काचेच्या खोक्यात उभे, पायाखाली अख्खं शहर आणि चेहऱ्यावर "बघा, घाबरलो नाही!" माझं स्पष्ट मत असं की त्या एका फोटोपायी बघण्यासारखं निम्मं राहून जातं.

हे काचेचे खोकेही २००९ सालचेच. १०३ व्या मजल्यावर, जमिनीपासून ४१२ मीटरवर, भिंतीच्या चार फूट बाहेर काढलेले. तळही काचेचाच. २०१४ साली एका कुटुंबाच्या पायाखाली त्या काचेवरच्या संरक्षक थराला तडे गेले होते. काचेला धक्का लागला नव्हता, पण त्या माणसांचं काय झालं असेल! भीतीची मजा मला कळते, जत्रेतल्या पाळण्यात मीही बसलेली आहे. पण इथे होतं काय, की लोक वर येतात ते थेट खोक्याच्या रांगेत उभे राहतात, मिनिटभर आत जाऊन फोटो काढतात आणि लिफ्टकडे वळतात. मधल्या मोठमोठ्या खिडक्या रिकाम्या!

मी त्या खिडक्यांशी दीड तास होते. लेक कंटाळून बाकावर बसली. मंडळी, भूगोल शिकवणाऱ्या माणसाला याहून मोठा नकाशा मिळणार कुठे? पश्चिमेला रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, थेट क्षितिजापर्यंत. मैलाला आठ ब्लॉक असा त्यांचा हिशेब आहे, त्यामुळे बोटावर मोजून अंतर सांगता येतं. पूर्वेला मिशिगन तलाव. तलाव कसला, पलीकडचा काठ दिसत नाही म्हणजे आपल्या लेखी समुद्रच. आणि इमारतीला जवळजवळ खेटून जाणारी शिकागो नदी. ही नदी मुळात तलावाला मिळत असे. शहराची घाण नदीत, नदी तलावात आणि पिण्याचं पाणी त्याच तलावातून! शेवटी कालवा खणून १९०० साली त्यांनी नदीच उलटी वाहवली. आता ती तलावाकडे पाठ करून जाते. खाली पुलावर उभं राहिलं तर ते फक्त पाणी दिसतं. माणसाने केवढा उलटा कारभार केलाय ते वरून कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्या इमारतीत आपण उभे असतो ती. १९७३-७४ मध्ये ती पुरी झाली आणि १९९८ पर्यंत जगात सगळ्यात उंच होती. तिची रचना मला फार आवडली, कारण ती फळ्यावर दोन मिनिटांत काढून दाखवता येते. फुली-गोळा खेळायला आखतो तसे नऊ चौकोन काढा. प्रत्येक चौकोन ७५ फुटांचा. आता प्रत्येक चौकोन म्हणजे एक उभी पोलादी नळी समजा. नऊ नळ्या एकमेकींना चिकटून वर निघतात. दोन ५० व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या. शेवटपर्यंत जातात त्या दोनच. म्हणजे आपण वर उभे असतो ते नवांपैकी दोनच चौकोनांत. वाऱ्याचा जोर एकट्या नळीवर येत नाही, सगळ्या मिळून तो सोसतात. म्हाताऱ्या बापाने मुलांना मोडायला दिलेली काठ्यांची मोळी आठवते ना? तीच!

ही मोळी बांधणारे इंजिनिअर फजलुर रहमान खान आपल्या उपखंडातले. जन्म १९२९, ढाक्याचा. १९५२ साली शिष्यवृत्तीवर इलिनॉयला शिकायला आले आणि पुढे शिकागोचेच झाले. १९७१ साली हा टॉवर वर चढत होता, तेव्हा तिकडे बांगलादेश पेटला होता. खानसाहेब इथे लोकांना जमवून तिकडच्या मदतीसाठी झटत होते. १९८२ साली, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी ते गेले. टॉवरच्या कोपऱ्यावरच्या रस्त्याला त्यांचं नाव मानाने दिलंय. आम्ही गेलो त्या दिवशी रांगेत बरीच आपली मंडळी होती. ती पाटी कुणी वाचताना दिसलं नाही.

असो. मुद्दा वेगळाच आहे. तिकीट काही स्वस्त नाही, पण ज्याच्याकडे ते आहे त्याला तू कोण, कुठला, कुणाकडे आलास, असं कुणी विचारत नाही. आमच्या मुंबईत काय आहे? मी परळच्या शाळेत शिकवत असे. मुलींचे वडील गिरणीत. १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या गेल्या आणि त्या जमिनींवर टॉवर आले. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी अजून तिथेच, त्या टॉवरांच्या सावलीत राहतात. पण वरून मुंबई बघायची तर त्यांच्या ओळखीचं कुणी वर राहायला हवं, नाहीतर महागड्या हॉटेलात बसण्याइतके पैसे हवेत. २८० फुटी राजाबाई टॉवर १८७८ पासून उभा आहे. त्याच्यावर पूर्वी चढता यायचं, तेही बंद झालं. मलबार हिलच्या बागेतून चौपाटीचा हार छान दिसतो, पण परळ, कुर्ला, धारावी दिसत नाही.

लंडनने एक शहाणपणा केला. फेनचर्च स्ट्रीटवरच्या एका उंच इमारतीला परवानगी देताना वरच्या मजल्यांवर लोकांना जाता आलं पाहिजे, अशी अट घातली. २०१५ पासून तिथली बाग खुली आहे. आधी नाव नोंदवायचं, पैसे द्यायचे नाहीत. ती बाग म्हणजे नुसतं उपाहारगृह झालंय, अशीही टीका होते. होऊ दे. पण अट घालता येते, एवढं तरी सिद्ध झालं. आपल्याकडे बिल्डरला वाढीव एफएसआय देताना हजार कागद लागतात, त्यात हा एक वाढला तर काय बिघडेल? सुरक्षेचं कारण पुढे येईल. शिकागोत पिशव्या तपासून आत सोडतात, आपणही तपासू.

सात बेटं कुठे जोडली, विहार-पवईकडून निघालेली मिठी माहीमच्या खाडीला कशी मिळते, हे मी वर्षानुवर्षं खडूने फळ्यावर काढून दाखवलं. एका मुलीने विचारलं होतं, "बाई, आपली शाळा यात कुठंय?" मी एक ठिपका काढला. परळच्या एखाद्या टॉवरचा वरचा अर्धा मजला, तोही आठवड्यातून एक सकाळ, महापालिकेच्या शाळांसाठी उघडा ठेवायला कुणाची हरकत नसावी. काचेचा खोका नसला तरी चालेल.