खिलाडूवृत्तीचेही हेल्मेट हवे

मार्च १९६२ मध्ये ब्रिजटाऊन येथे बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटीला गंभीर इजा झाली, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त देण्यासाठी पुढे आलेल्यांत चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर हे सहकारी होते आणि प्रतिस्पर्धी वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेलही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, मात्र पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत.

खिलाडूवृत्ती म्हटले की पंचांशी हुज्जत न घालणे, हरल्यावरही हस्तांदोलन करणे एवढेच आठवते. मुलांच्या क्रिकेटमध्ये मात्र तिचा थेट संबंध आरोग्याशी आहे. चौदा वर्षांखालील सामन्यात उसळता चेंडू हेल्मेटवर बसतो, मुलगा क्षणभर डगमगतो, आणि सीमारेषेबाहेरून आवाज येतो, ‘काही झालेले नाही, उभा राहा!’ प्रतिस्पर्धी क्षेत्ररक्षकांपैकी कोणी ‘नाटक करतोय’ म्हणून हसतो. मुलगा मान हलवतो आणि पुढच्या चेंडूला सामोरा जातो. यालाच जिगर म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे.

वैद्यकशास्त्र याला धोका म्हणते. हेल्मेट कवटीचे रक्षण करते, पण आतल्या मेंदूला बसणारा हादरा ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. अशा हादऱ्यात, म्हणजे कन्कशनमध्ये, शुद्ध हरपतेच असे नाही. डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, धूसर दिसणे, आताचा धावफलकही न आठवणे ही लक्षणे कधी काही तासांनी उमटतात. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागल्यावर स्टीव्ह स्मिथ तपासणी होऊन पुन्हा फलंदाजीला आला. लक्षणे जाणवली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. कन्कशनसाठी बदली खेळाडू देण्याचा नियम त्याआधी काहीच दिवस लागू झाला होता.

किशोरवयीन मेंदूला सावरायला प्रौढांपेक्षा अनेकदा जास्त वेळ लागतो. तो सावरण्याआधी दुसरा आघात झाला, तर क्वचित प्रसंगी मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. शिवाय कन्कशन झालेले असूनही सीटी स्कॅन बहुधा सामान्यच येतो. निदान बरेचसे अवलंबून असते ते मुलगा काय सांगतो यावर. खरे सांगितल्यास संघातली जागा जाईल किंवा मित्र हसतील, अशी भीती असेल, तर तो सांगणार नाही.

म्हणून मैदानावरचे वर्तन इथे मोलाचे ठरते. चेंडू डोक्याला लागला की गोलंदाजाने आधी फलंदाजाकडे धावावे, पंचांनी खेळ थांबवावा. शंका असली तरी मुलाला बाहेर काढावे, त्या दिवशी पुन्हा खेळवू नये आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सरावालाही उतरवू नये. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, गुंगी किंवा हातापायांत अशक्तपणा दिसला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्रतिस्पर्धी कर्णधाराने बदली खेळाडूला खळखळ न करता मान्यता द्यावी. शालेय व क्लब स्पर्धांच्या आयोजकांनी हे त्याच्या मर्जीवर न सोडता नियमावलीतच लिहावे.

यात पालक आणि प्रशिक्षकांची जबाबदारी सर्वांत मोठी. ‘चक्कर येतेय’ असे सांगणाऱ्या मुलाला ते काय उत्तर देतात, हे संघातील इतर मुले ऐकत असतात. पुढच्या वेळी स्वतःला लागल्यावर बोलायचे की गप्प बसायचे, हे ती त्या उत्तरावरूनच ठरवतात. वॉरेल यांनी प्रतिस्पर्ध्यासाठी रक्त दिले. आपल्या मुलांसाठी मोठ्यांनी एक डाव सोडून द्यायला हरकत नसावी.