सात दिवसांचा सातबारा

पारनेरला गेलो की एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे चहा घेतल्याशिवाय मला परतता येत नाही. मी तिथल्या शाखेत होतो तेव्हापासूनची ही ओळख. या खेपेला चहा झाल्यावर गुरुजींनी कपाटातून, साड्यांच्या घडीखालून, एक चकचकीत फाईल काढली आणि म्हणाले, "साहेब, हे विकायचं आहे. गिऱ्हाईक बघा एखादं."

पहिल्या पानावर डोंगर, तलाव आणि हसणारे कुटुंब. आत करारनामा, 25 वर्षांचा. दरवर्षी सात दिवस थंड हवेच्या ठिकाणी सहकुटुंब मुक्काम. 2009 साली मुलाच्या आग्रहाने गुरुजी पुण्याच्या एका हॉटेलात फुकटच्या जेवणाला गेले आणि संध्याकाळी सही करून परतले. पहिली तीन वर्षे हौसेने सहलीला गेलेही. मग गुरुजींचे गुडघे, मुलाची बंगळूरची नोकरी, नातीची परीक्षा. ज्या आठवड्यात सगळे मोकळे, त्या आठवड्यात खोली शिल्लक नाही. खोली असते तेव्हा घरात कोणी नाही. देखभालीचे बिल मात्र चुकत नाही. ते दरवर्षी येते आणि वाढून येते.

टाइमशेअरची ही कल्पना 1960 च्या दशकात फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतात निघाली आणि 1980 च्या दशकात आपल्याकडे आली. चेन्नईची स्टर्लिंग 1986 मध्ये सुरू झाली, महिंद्र उद्योगसमूह 1996 मध्ये उतरला. गुरुजींची कंपनी याहून निराळी, पण तऱ्हा साधारण तीच. दरवर्षी न चुकता सहलीला जाणाऱ्या हौशी कुटुंबांना हा व्यवहार मानवतोही. अशी दोन-चार घरे मी पाहिली आहेत. अडचण सुरू होते ती विकायला निघाल्यावर.

आयुष्यभर तारण तपासण्यात गेलेला माणूस मी. पारनेर तालुक्यात जमीन कोरडी असली तरी तिला सातबारा असतो. भोगवटादाराच्या रकान्यात तुमचे नाव असते, इतर हक्कांत बँकेचा बोजा असतो, आणि भाव पडला तरी ती विकली जातेच. गुरुजींच्या फाईलमध्ये मी भोगवटादाराचा रकाना शोधत होतो. तो नव्हताच. खोली कंपनीची, जमीन कंपनीची, गुरुजींचा फक्त वापरण्याचा हक्क, तोही कंपनीच्या तारखांना. हा असा सातबारा, ज्यात फक्त बोजा लिहिलेला आहे. कर्जासाठी कोणी हा कागद माझ्या टेबलावर आणला असता, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवले असते.

शिवाय विकायला निघालेल्या गुरुजींची स्पर्धा खुद्द कंपनीशीच. ती नवे सभासदत्व हप्त्यांवर, भेटवस्तू देऊन विकत असताना गुरुजींची उरलेली वर्षे कोण घेणार? आणि घेणाऱ्याच्या नावावर चढवायची, तर कंपनीची परवानगी व हस्तांतराचे शुल्क आहेच.

या अगतिकतेवर जगणारी दुसरी एक जमात आहे. गुरुजींना फोन आला, "तुमच्यासाठी ग्राहक तयार आहे, फक्त नोंदणीचे 11 हजार आधी भरा." गुरुजींनी भरले. तो ग्राहक आजतागायत आलेला नाही, आणि तो नंबरही लागत नाही. विक्रीतून कापून घ्या म्हटल्यावर जो दलाल गप्प होतो, त्याच्याकडे ग्राहक नसतो, एवढे मात्र मी बँकेच्या अनुभवावरून सांगू शकतो.

महाराष्ट्रात या धंद्याची याहून भीषण आवृत्ती होऊन गेली. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्स या कंपनीने हॉटेलातल्या 'रात्री' विकल्या. रात्र वापरली नाही तर मुदतीनंतर वाढीव रक्कम मिळणार होती. ही सहल नव्हे, नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असे म्हणत 'सेबी'ने 2014 साली नवे पैसे घेण्यास मनाई केली आणि 2016 च्या आदेशाने पैसे परत करायला सांगितले. रक्कम 7 हजार कोटींहून अधिक, गुंतवणूकदार 50 लाखांच्या घरात. असल्या योजना जाहिरातींपेक्षा नात्यागोत्यात जास्त खपतात. मावसभाऊ मावसभावाला सांगतो, शिक्षक शिक्षकाला. पैसे अडकतात तेव्हा कार्यालयाला कुलूप लागते, एजंट मात्र त्याच गल्लीत राहतो. मग लग्नाची बोलावणी बंद होतात.

हे मी बोलत असताना गुरुजी खाली मान घालून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "भाचा घ्यायला तयार आहे. घाटकोपरला असतो. निम्म्या किमतीत देतोय म्हटल्यावर लगेच हो म्हणाला."

"बिलं दाखवली त्याला?"

"नाही. पण मामा देतोय म्हटल्यावर त्याने विचारलंच नाही."

मुळात अशा कागदाला जगात एकच गिऱ्हाईक मिळते, ते म्हणजे तुमच्यावर विश्वास असलेला माणूस. मी गुरुजींना सांगितले, द्यायचेच असेल तर फुकट द्या, आणि सगळी बिले समोर ठेवून द्या. त्याआधी करारातले रद्द करण्याचे कलम वाचा, तुमच्या पश्चात हे बिल वारसांच्या गळ्यात पडते का ते पाहा, सभासदत्व सोडत असल्याचे पत्र पोचपावतीसह पाठवा. दाद मिळाली नाही तर नगरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. भरलेले पैसे येतील अशी आशा धरू नका. पुढचे वाचले तरी पुष्कळ.

"म्हणजे तेवढे पैसे गेलेच?" गुरुजी म्हणाले. चाळीस वर्षे मुलांना नफा-तोटा शिकवलेला माणूस. मी काही बोललो नाही.

उत्तर आले स्वयंपाकघरातून. काकू दारात येऊन उभ्या होत्या. "गेले तर गेले. वन्संच्या दारात मला अजून जायचं आहे."

गुरुजींनी चष्मा पुसला, बिलाची कोरी बाजू वर केली आणि मला विचारले, "पत्राचा मायना काय घालू?"