काकोडकरांचा सन्मान आणि बॉम्बचा हिशेब

‘संहाराची अस्त्रे घडवणाऱ्याला पद्म पुरस्कार कशाला?’ अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकरांचे नाव निघाले की हा आक्षेप येतो. दुसरीकडे, पोखरणच्या अणुचाचण्यांचे नायक म्हणून त्यांना डोक्यावर घेणारे आहेत. दोन्ही पक्ष त्यांना बॉम्बपुरतेच ओळखतात.

आधी तारखा पाहू. त्यांची पद्मश्री जानेवारी १९९८ची. पोखरणचे दुसरे स्फोट झाले त्यानंतर, मे महिन्यात. १९७४च्या पहिल्या स्फोटाच्या कामातही ते होते, हे खरे. पण रुपारेल आणि व्हीजेटीआयमध्ये शिकून तुर्भ्याच्या अणुकेंद्रात गेलेल्या या अभियंत्याच्या खात्यावर पद्मश्री मिळेपर्यंत ‘ध्रुव’ अणुभट्टी जमा होती आणि मोडीत निघू पाहणाऱ्या कल्पक्कमच्या भट्ट्यांना दिलेले जीवदानही. १९९९चे पद्मभूषण मात्र पोखरणच्या पाठोपाठ आले. ते त्यापासून वेगळे काढण्याचा आव आणू नये.

‘पण ध्रुव तरी बॉम्बसाठीच ना?’ हे अर्धसत्य. तिथे बॉम्बजोगे प्लुटोनियम तयार होते, तसे आयोडीन-१३१ही. परळला जेरबाई वाडिया रोडवर भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. थायरॉइडच्या कॅन्सरचा रुग्ण तिथे हे किरणोत्सारी आयोडीन औषध म्हणून घेतो आणि मात्रा मोठी असेल तर किरणोत्सार ओसरेपर्यंत वेगळ्या खोलीत राहतो. आठ दिवसांत औषधाचा जोर निम्म्यावर येतो. साठा करून भागत नाही. पुरवठा सतत लागतो.

भक्तांची ढालही लंगडीच. म्हणे, हुकूम सरकारचा, शास्त्रज्ञ काय करणार? भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रोटब्लाट १९४४ साली अणुबॉम्ब बनवणारा मॅनहॅटन प्रकल्प सोडून बाहेर पडले. १९९५ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. म्हणजे नकार देता येतो. गांधीवादी आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या काकोडकरांनी होकार दिला, जाणूनबुजून दिला. तेव्हा त्याचा जाब त्यांना विचारणे हा अपमान नव्हे.

२००९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी पोखरणच्या चमूतल्याच के. संथानम यांनी हायड्रोजन बॉम्बची चाचणी फसल्याचे म्हटले. काकोडकर आणि पोखरणचे दुसरे एक शास्त्रज्ञ आर. चिदंबरम यांनी ते ठामपणे खोडून काढले. तरी संथानम यांना देशद्रोही ठरवण्याचे कारण नव्हते. शास्त्रात शंकेला उत्तर पुराव्याने द्यायचे असते, पदकाने नव्हे.

काकोडकरांचा सन्मान रास्तच आहे, कारण त्यांचे काम बॉम्बहून मोठे आहे. पण तो म्हणजे बॉम्बला मिळालेली माफी नव्हे. पुढच्या सत्काराला टाळ्या जरूर वाजवा. प्रश्नोत्तरांची वेळ मात्र कापू नका.