आकड्यांना नावे द्या

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाची ओळखच ‘अपशिंगे मिलिटरी’ अशी आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. कोकणात आणि साताऱ्याकडे त्या युद्धाच्या आठवणीच्या पाट्या अजून कितीतरी गावांत आहेत. गावातून किती जण १९१४ ते १९१९ च्या युद्धावर गेले आणि त्यांतले किती मेले, एवढेच त्यांवर कोरलेले असते. गेले कोण, ते कळत नाही.

हीच तऱ्हा परदेशातही झाली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली. एप्रिल १९१६ मध्ये सैन्य शरण गेले आणि पुढे कैदेत अनेक जण दगावले. बसऱ्याला त्या मोहिमेचे स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने या भेदभावाची जाहीर माफी मागितली, तीही २०२१ साली.

‘ते इंग्रजांसाठी लढले, त्यांचे स्मरण आपण का करायचे?’ असे विचारणारे भेटतात. युद्ध कोणाविरुद्ध करायचे, हे त्या पोरांना कोणी विचारले नव्हते. कोरडवाहू जमिनीवर घर भागेना, म्हणून कित्येकांनी पलटण धरली. साम्राज्याच्या पापाचा जाब साम्राज्याला विचारावा. परमुलखात मेलेला शिपाई आपल्या गावचा आहे.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि इटलीतल्या मोंतोने गावानेही २०२३ मध्ये त्यांचे स्मारक उभारले. पण त्या दिवशी त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे जवान मारले गेले किंवा जखमी झाले होते. ते कुठल्या गावचे, हे आपल्यापैकी कोणाला सांगता येईल?

नावे शोधणे आता अवघड राहिलेले नाही. युद्धस्मशान आयोगाच्या नोंदी सर्वांना पाहता येतात. अनेक नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय आहे आणि गावात वंशज आहेत. शाळेतल्या मुलांनी घरोघरी विचारून यादी करावी, जाणत्यांनी ती नोंदींशी ताडून पाहावी आणि ग्रामपंचायतीने जुन्या दगडाशेजारी नावांचा नवा फलक लावावा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती नावे मोठ्याने वाचावीत. इंग्रज सरकारने शिपाई मोजले आणि काम संपवले. स्वतंत्र देशातल्या ग्रामपंचायतीने तेवढ्यावर थांबू नये.