फ्लो मोडल्यावर

टाइप रेटिंग संपवून नुकताच लाइनवर आलेला फर्स्ट ऑफिसर सुरुवातीच्या सेक्टर्समध्ये अडखळला, की आपण ट्रेनिंग फाइलमध्ये ठरलेला शेरा मारतो : ‘फ्लो अजून पक्के हवेत.’ मग तो बिचारा खोलीवर जातो, भिंतीला चिकटवलेल्या कॉकपिटच्या पोस्टरसमोर खुर्ची टाकतो आणि तोच फ्लो रात्री उशिरापर्यंत घोकतो. आमच्या मते बऱ्याचदा हे निदानच चुकीचं असतं. फ्लो त्याला पाठ असतो. मध्येच तोडला गेला तर तो पुन्हा कुठून धरायचा, हे मात्र त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

शिकवणार तरी कुठे? पोस्टर मध्येच बोलत नाही. सिममध्ये चार तासांचं सत्र इंजिन फेल्युअर, गो-अराउंड आणि नॉन-प्रिसिजन अप्रोच यांनी भरून गेलेलं असतं. मागे बसलेला इन्स्ट्रक्टर एक बटण दाबतो आणि एडीआयआरएसचं अलाइनमेंट झटक्यात पूर्ण होतं. इंधनवाला नाही, लोडशीट घेऊन धावत येणारा नाही, ‘कॅप्टन, मागे फार गरम होतंय’ म्हणत डोकावणारं कोणी नाही. त्या शांततेत बसवलेला फ्लो आपण उमेदवाराच्या हाती देतो आणि त्याला थेट बाजारात उभा करतो.

पुण्याचा संध्याकाळचा टर्नअराउंड डोळ्यांसमोर आणा. एमसीडीयू भरताना ए३२०वाला ‘डिफ्स्रिप’च्या क्रमाने जातो : डेटा, इनिट ए, फ्लाइट प्लॅन, सेकंडरी, रेडनॅव्ह, इनिट बी, परफ. नवा एफओ रेडनॅव्हच्या पानावर आहे. हेडसेटवर इंजिनिअर विचारतो, ‘सर, फ्युएल फायनल?’ त्याला उत्तर देईतो एटीसीकडून क्लिअरन्स येतो. एसआयडी अपेक्षेपेक्षा वेगळी, म्हणून फ्लाइट प्लॅनच्या पानावर परत. नवी एसआयडी टाकली आणि लोडशीट आली. आकडे हातात पडले की बोटं आपसूक इनिट बीकडे वळतात. नव्या एसआयडीतल्या उंचीच्या मर्यादा चार्टशी ताडून पाहायच्या राहिल्या, एफसीयूवर नवं अल्टिट्यूड फिरवायचं राहिलं. विचारलंत तर तो शपथेवर सांगेल की बघितलंय. खोटं नाही बोलत तो. सकाळच्या सेक्टरला त्याने खरंच बघितलेलं असतं, आणि आठवणीला दोन सेक्टर्समधला फरक कळत नाही.

नासाशी संबंधित लुकिया लुकोपुलोस, की डिस्मुकेस आणि इमॅन्युएल बार्शी यांचं ‘द मल्टिटास्किंग मिथ’ हे पुस्तक २००९ साली आलं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं काम आणि जंपसीटवरून दिसलेलं काम त्यांनी शेजारी शेजारी मांडलं. मॅन्युअलमध्ये कामं एकामागून एक शिस्तीत येतात, कॉकपिटमध्ये ती एकमेकांत घुसतात. लाइनवर उडणाऱ्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. नवल याचं, की आपला अभ्यासक्रम अजून मॅन्युअलच्याच क्रमाने चालतो.

व्यत्यय म्हटला की आपलं बोट ग्राउंड स्टाफकडे जातं. माद्रिदचा अपघात त्यासाठी पुन्हा वाचावा. २० ऑगस्ट २००८, स्पॅनएअरचं एमडी-८२. तापमानाच्या एका प्रोबमधल्या बिघाडामुळे विमान धावपट्टीजवळून परत आलं होतं आणि उशीर झाला होता. दुसऱ्या खेपेला आफ्टर स्टार्ट चेकलिस्ट चालू असताना, नेमका फ्लॅप्स-स्लॅट्सचा आयटम यायच्या वेळी, कॅप्टनने को-पायलटला टॅक्सी क्लिअरन्स मागायला सांगितलं. तो आयटम तिथेच राहिला. टेक-ऑफआधीच्या शेवटच्या तपासणीत को-पायलटने फ्लॅप्सचे आकडे म्हटले, पण ते जे असायला हवे होते ते. टेक-ऑफ कॉन्फिगरेशनची वॉर्निंग वाजली नाही. विमानातल्या १७२ जणांपैकी १५४ गेले. चेकलिस्ट तोडणारा माणूस बाहेरचा नव्हता.

त्याआधी, १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइटला नॉर्थवेस्टच्या एमडी-८२चं हेच झालं होतं. धावपट्टी बदलली, एक वळण चुकलं, फर्स्ट ऑफिसर नव्या धावपट्टीच्या आकड्यांत गुंतला आणि टॅक्सी चेकलिस्ट म्हटलीच गेली नाही.

चेकलिस्टसाठी आपल्याकडे निदान तोडगा तरी आहे. एअरबसच्या कॉलआउट्समध्ये ‘होल्ड चेकलिस्ट अ‍ॅट’ आणि ‘रिझ्यूम चेकलिस्ट अ‍ॅट’ आहेत, कारण चेकलिस्ट दोघांनी मिळून मोठ्याने म्हणायची असते. फ्लो मुका असतो आणि एकट्याचा असतो. इंजिन स्टार्टनंतर एफओचा हात ग्राउंड स्पॉयलर्स, रडर ट्रिम, फ्लॅप्स, पिच ट्रिम असा फिरतो. त्यात रडर ट्रिमपाशी तुम्ही त्याला ‘अरे, पुढच्या सेक्टरला क्रू तोच आहे ना?’ विचारलंत, तर तो कुठे तुटला हे तुम्हाला माहीत नसतं, आणि क्षणभरानंतर त्यालाही नसतं. तेराच्या पाढ्यात हाक मारलेलं पोर पुन्हा ‘तेरा एके तेरा’पासून सुरू करतं. वैमानिक तसं करत नाही. तो घाईत असतो, म्हणून जिथवर आलो असं वाटतं त्याच्या एक पायरी पुढून सुरू करतो.

तेव्हा फ्लोलाही होल्ड द्या. थांबताना पुढचं पाऊल तोंडाने बोलायचं, ‘फ्लॅप्स बाकी’. जमेल तिथे बोट त्या लिव्हरवरच ठेवायचं, एमसीडीयूवर पान बदलायचं नाही. शंका आली तर फ्लो पहिल्यापासून, त्याबद्दल कोणाची माफी न मागता. आणि क्रमामागचं कारण शिकवा. इनिट बी मागे का, तर वजनाचे पक्के आकडे उशिरा हाती येतात म्हणून. एडीआयआरएस आधी का, तर अलाइनमेंटला काही मिनिटं लागतात म्हणून. नुसत्या हाताच्या सवयीने शिकलेल्याला तुटलेली जागा सापडत नाही; क्रमामागचं कारण कळलेल्याला ती बहुतेक वेळा सापडते.

खरी अडचण ‘सर’ या शब्दापाशी आहे. दोनशे-अडीचशे तासांचा मुलगा एटीसीला बिनधास्त ‘स्टँडबाय’ म्हणतो, शेजारच्या कॅप्टनला म्हणताना त्याचा घसा कोरडा पडतो. रिलीज चेक तुमच्याच हातात आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे ही मुभा त्याने मागायची नसते, आपण द्यायची असते, तीही दिवसाच्या पहिल्या ब्रीफिंगमध्ये आणि सरळ शब्दांत : ‘तुझा हात चालू असताना मी बोललो, तर मला स्टँडबाय म्हण.’ एवढं सांगूनही काही कॅप्टन पहिल्या ‘स्टँडबाय’ला भुवया उंचावतात. अशांनी ट्रेनर होऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘यात वेळ जातो’ हा आक्षेप येईलच. आफ्टर स्टार्टचा फ्लो पहिल्यापासून करायला अर्धं मिनिटही लागत नाही, टॅक्सीवेवर त्याहून जास्त वेळ आपण पुढचं विमान वळायची वाट बघण्यात घालवतो. ट्रेनिंग विभागांकडे मागणी एवढीच : सिमच्या एका सत्रात पहिली वीस मिनिटं पूर्ण टर्नअराउंडला द्या, इन्स्ट्रक्टरने इंधनवाला, डिस्पॅच आणि केबिन क्रू होऊन मुद्दाम फ्लो तोडावा, आणि रिलीज चेकच्या फॉर्मवर ‘तुटलेला फ्लो कुठून धरला’ हा रकाना घालावा.