भरवसा आणि भिंत

आयुष्याला वेगळे वळण देणाऱ्या बदलाची धास्ती वाटू लागली की देवावर भरवसा ठेवावा, असे सांगणाऱ्यांची मराठी समाजात कधी वाण पडली नाही. मात्र त्या भरवशातून माणसाच्या पदरी नेमके काय पडते, याची चिकित्सा फारशी झालेली नाही. श्रद्धा दृढ असली की पुढचे सारे सुरळीत होते आणि भीतीही ओसरते, ही रूढ समजूत मराठवाड्याने १९९३ सालच्या भूकंपात जे भोगले त्यापुढे टिकत नाही, पण ती टिकत नाही एवढ्यावरून श्रद्धाच निरर्थक ठरते, असा निष्कर्षही उतावळेपणाचा होईल.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात १९९२ पासूनच भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसत होते. लोक भयभीत झाले, पण धक्के थंडावले तसे आपापल्या घरांत पुन्हा रुळले. पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशीला गणपतींचे विसर्जन झाले आणि त्याच रात्रीअखेर, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. गणरायाला नुकताच निरोप देऊन निजलेल्या या माणसांची भक्ती कुठे उणी पडली, हा प्रश्न विचारणेच क्रूरपणाचे आहे, आणि ‘देव जे करतो ते भल्यासाठीच’ हे सांत्वन तर त्याहून क्रूर.

मुळात देवावरच्या भरवशाचे प्रकार दोन. नांदेड जिल्ह्यातल्या कंधार-लोह्याकडचा भाविक माळेगावच्या खंडोबाला नवस बोलतो तेव्हा त्यात देणे-घेणे अभिप्रेत असते: मागणे पुरे झाले तर नवस फेडायचा. शरणागती, म्हणजे फळाची हमी न मागता स्वतःला देवाच्या स्वाधीन करणे, ही याहून निराळी गोष्ट आहे. वैष्णव आगमग्रंथांत तिची सहा अंगे सांगितली आहेत. देव राखील हा विश्वास त्यांपैकी एक असला, तरी गणनेत त्याच्या आधी देवाला अनुकूल ते करण्याचा संकल्प आणि प्रतिकूल त्याचा त्याग ही दोन अंगे येतात. हा क्रम सहज आलेला असो वा नसो, हातपाय गाळून बसण्याला शरणागती म्हणण्याची सोय त्यात उरत नाही.

भूकंपानंतर ज्या गावांची राखरांगोळी झाली अशा ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले, तर कमी पडझड झालेल्या गावांत राहती घरेच दुरुस्त आणि बळकट करायची होती. माणसे मेली होती ती मुख्यतः मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडी भिंतींखाली आणि माळवदाखाली (लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेल्या सपाट छपराखाली). त्यामुळे दगडाचीच धास्ती बसली आणि धड उभ्या राहिलेल्या घरातही निजायला मन धजेना. वास्तविक दोष दगडाचा नव्हता. भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग सांधणारे आरपार लांब दगड नसले, की हादऱ्यासरशी दोन्ही अंगे फाकतात आणि वरचे ओझे खाली येते. हे समजावून देण्याच्या कामी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. देवघरात दिवा लावणाऱ्या बाईने गवंड्याला भिंतीविषयी प्रश्न विचारावा, यात तिच्या श्रद्धेला कसलाही कमीपणा येत नाही. आगमातल्या त्या पहिल्या अंगाचा अर्थ तिने एखाद्या प्रवचनकारापेक्षा अधिक नेमका लावला, असेच म्हणावे लागते.

नवस आणि शरणागती यांची गल्लत भूकंपापुरती नाही. परदेशस्थ मराठी कुटुंबांत नागरिकत्व घ्यावे की नाही, वृद्ध आईवडिलांसाठी परतावे की त्यांना आपल्याकडे आणावे, हे निर्णय ‘देवाच्या मनात असेल तसे होईल’ म्हणून वर्षानुवर्षे लांबणीवर पडतात, आणि त्या दिरंगाईला भक्तीचे नाव मिळते. (आईवडिलांचे वय मात्र त्यासाठी थांबत नाही.) अशा वेळी कौलाची वाट पाहणे हा बहुधा नवसाचाच सुशिक्षित अवतार असतो, कारण परिणामाची हमी मिळाल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही, ही अट त्यातही कायम असते.

यावर बुद्धिवादी आक्षेप घेईल की, भिंत सांधणाऱ्या दगडाने काम भागत असेल तर देव हवा कशाला. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. भिंत किती हादरे सोसेल हे अभियंता सांगू शकतो. ज्या गावात पोटचे पोर गेले त्याच गावात पुन्हा चूल का मांडावी, याचे उत्तर त्याच्या शास्त्राच्या कक्षेत येत नाही, आणि चुली तर पुन्हा मांडल्या गेल्याच.